व्यंकटची डगमग

सुखनिवास सोसायटीचा पुनर्विकास ठरला, तेव्हा सभासद बिल्डरशी असे काही भांडले की ही मंडळी जन्मभर वकिलीच करत आली आहेत असं कुणालाही वाटलं असतं. जास्तीचे चौरस फूट मागून झाले, गाड्यांच्या जागा मागून झाल्या, बाल्कनीतल्या तुळशीसाठी वेगळा नळसुद्धा मागून झाला. सगळ्यात शेवटी अध्यक्ष पोंक्षेकाकांनी चष्मा पुसत आणखी एक अट घातली. नव्या टॉवरच्या फाटकावर माणूस आमचाच राहील. व्यंकट राहील.

बिल्डरला आधी ही थट्टा वाटली. कर्वेनगरात उभा राहणारा टॉवर, वर कोट्यवधींचे फ्लॅट, खाली दागिन्यांची दुकानं आणि कंपन्यांच्या कचेऱ्या, आणि फाटकावर कोण, तर शर्टाची वरची गुंडी कायम उघडी ठेवणारा, निलंग्याकडून आलेला व्यंकट बिराजदार. पण काका हटून बसले. माणसाला नवं घर हवं असतं, पण त्यात जुनं काहीतरी ओळखीचं असावं असंही वाटत असतं. सुखनिवासच्या लोकांनी त्यासाठी व्यंकटला धरलं. शेवटी मधला मार्ग निघाला. व्यंकट टोपीची चाचणी पास झाला तर राहील, नाहीतर नाही.

ही टोपीची चाचणी ज्या सुरक्षा एजन्सीत होत असे, तिथल्या निवड विभागाची प्रमुख होती डॉ. शैलजा वर्तक. आणि शैलजा राहायची सुखनिवासच्या तिसऱ्या मजल्यावर, एकटी. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, झालंच काम. आपलीच मुलगी परीक्षा घेणार, आपलाच माणूस पास होणार. शैलजालाही त्या वेळी तसंच वाटलं होतं, हे पुढे तिला स्वतःपाशी कबूल करावं लागलं.

ही टोपी काय होती ते आधी सांगायला हवं.

विमा कंपन्यांनी काही वर्षांपूर्वी मोठ्या इमारतींमधल्या चोऱ्यांचा छडा लावला, तेव्हा गंमतच निघाली. कुलूप तोडून चोरी करणं जवळजवळ बंद झालं होतं. दारं चेहरे ओळखत होती, लिफ्ट मजला विचारायच्या आधी माणूस कोण ते विचारत होती. चोर शिरत ते फाटकावरच्या गार्डच्या दयेतून. पायाला प्लास्टर घातलेला डिलिव्हरीवाला, रडणारं मूल कडेवर घेतलेली बाई, उन्हात चक्कर आलेला म्हातारा. गार्ड क्षणभर थांबायचा, पाणी आणायला वळायचा, आणि तेवढ्यात काम व्हायचं.

तो क्षण मोजता येतो, हा नवा शोध होता. दुसऱ्याला लागलेलं पाहिलं की आपल्याही मेंदूत काहीतरी हलतं, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होतं. माणूस स्वस्थ असतो तेव्हा मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्यावर एक संथ लय चालू असते. समोरचा कळवळला की ही लय मोडते, जणू त्याचं दुखणं थोडं आपल्याही अंगात येतं. लय मोडली की हात अडखळतो. टोपीतले कोरडे सेन्सर ही लय पकडायचे, आणि उमेदवाराच्या हातातला दांडा तो फाटक कधी बंद करतो ते टिपायचा. समोरच्या पडद्यावर माणसं यायची, काही परवानगी असलेली, काही नसलेली, विनवण्या करणारी. नियम माहीत असूनही हात किती अडतो, हा उशीर माणसागणिक ठरलेला असतो, असं हजारो चाचण्यांनंतर दिसून आलं. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव होतं. शैलजाच्या विभागातली पोरं त्याला डगमग म्हणायची, आणि तेच नाव रुळलं.

ज्या इमारतीचे गार्ड कमी डगमगीचे, तिचा विमा स्वस्त. मग काय विचारता. शहरातल्या प्रत्येक टॉवरला, मॉलला, आयटी पार्कला कमी डगमगीचे गार्ड हवे झाले. शैलजानं असे शेकडो निवडून दिले. पूर्वी गार्ड छाती मोजून, मिशी बघून आणि कुणाच्या तरी चिठ्ठीवर घेतले जायचे. आपण त्या जागी शास्त्र आणलं, याचा तिला रास्त अभिमान होता.

व्यंकट चाचणीला बसला आणि सपशेल आपटला.

आपटणारच. गडी सतरा-अठराचा असताना पुण्यात आला, आल्या आल्या टायफॉइडनं पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या भाडेकरू कमलताई गुर्जर यांनी त्याला आपल्या स्वयंपाकघरात गादी घालून मऊ भातावर उभा केला. तेव्हापासून कमलताई त्याच्या आक्का झाल्या, आणि सगळी सोसायटी त्याचं घर. दामलेआजोबांना मधुमेह. ते चोरून जिलबी आणायचे, तर हा फाटकावरच निम्मी खाऊन टाकायचा, आजोबांची साखर वाढायला नको म्हणून. टोपी घालून बसल्यावर पडद्यावर एक बाई आली, माझा मुलगा वर आहे, त्याला ताप आहे, मला सोडा म्हणाली. नाव यादीत नव्हतं. व्यंकटनं दांडा ओढला तर नाहीच, उलट शैलजाला विचारलं की ताई, हिचा पोरगा खरंच वर आहे का. पडद्यावरची बाई नटी आहे हे त्याला समजावून सांगावं लागलं.

निकाल ऐकून व्यंकटच्या बायकोचा, महानंदाचा चेहरा उतरला. तिची धुण्याभांड्याची सगळी कामं सुखनिवासमध्येच, मुलगी ईश्वरी जवळच्याच शाळेत. पोंक्षेकाका शैलजाच्या घरी येऊन बसले. काहीतरी कर म्हणाले, तू मनावर घेतलंस तर काय होणार नाही. निकाल बदलायचा विचार शैलजाच्या मनातही आला नाही. ती खोटं करणारी बाई नव्हती. तिला सुचलं ते याहून हुशारीचं होतं, आणि घोळ तिथेच झाला.

माणसाला स्वतःच्या मेंदूची लय ऐकवली तर तो ती सांभाळायला शिकतो, तंबोरा ऐकत गाणारा आपला सूर सांभाळतो तसा. अर्धशिशीच्या आणि झोप न येणाऱ्या रोग्यांना असं शिकवत असत. मग डगमग कमी करायलाही का शिकवू नये? चाचणी घेणारीनं उमेदवाराला शिकवणं म्हणजे परीक्षकानं पेपर फोडण्यासारखं होतं, हे तिला कळत होतं. पण पेपर कुठे फुटत होता? माणूस खरोखरच तयार होणार होता. तिनं स्वतःला असं समजावलं आणि रविवारी कचेरी बंद असताना व्यंकटला बोलावायला सुरुवात केली.

टोपीला तिनं एक स्पीकर जोडला. लय टिकली की त्यातून गोड, भरलेला आवाज यायचा, मोडली की तो आवाज तुटायचा. पडद्यावर माणसं रडायची, पडायची, हात जोडायची. व्यंकटनं काहीही करायचं नव्हतं, फक्त आवाज तुटू द्यायचा नव्हता. पहिल्या रविवारी तो घामाघूम झाला. पण मेंदू मोठा लोचट असतो, गोड काय आहे ते त्याला चटकन कळतं. महिन्याभरात आवाज लांबू लागला. कसं जमलं रे, असं शैलजानं विचारलं, तर तो म्हणाला की मी आत काहीतरी खाली ठेवून देतो, ताई. पिशवी खाली ठेवावी तसं. शैलजाला ते वर्णन आवडलं, तिनं ते मनात जपून ठेवलं.

एकदा तिच्या मनात पाल चुकचुकली होती. हा पिशवी घरी गेल्यावर उचलतो ना? पण सायकल शिकलेला माणूस काही घरात सायकल चालवत नाही, असं म्हणून तिनं ती शंका झटकली. पावसाळा संपता संपता व्यंकट दुसऱ्यांदा चाचणीला बसला आणि त्या वर्षीच्या सगळ्या उमेदवारांत वर आला.

टॉवर झाला. व्यंकटला राखाडी गणवेश मिळाला, दुप्पट पगार मिळाला, तळघरात दोन खोल्यांचं घर मिळालं. वरची गुंडी आता लागलेली असायची. जुन्या सभासदांना उद्घाटनाच्या दिवशी त्याच्याबरोबर फोटो काढताना भरून आलं. कमलताई त्या फोटोत नव्हत्या. त्या भाडेकरू, पुनर्विकासात भाडेकरूला कोण विचारतं? घरमालक अमेरिकेत, फ्लॅट त्यांना मिळाला. कमलताई धायरीला मुलाकडे, श्रीरंगकडे गेल्या. त्यांचा विसरभोळेपणा तेव्हाच वाढत चालला होता.

मे महिन्यात त्यांची बातमी आली. दुपारी घरातून कुणाला न सांगता बाहेर पडल्या होत्या. संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यावर एका झाडाखाली पडलेल्या सापडल्या. ऊन लागलं होतं. दवाखान्यात नेल्यावर वाचल्या नाहीत. शैलजा भेटायला गेली, तेव्हा श्रीरंग भिंतीला टेकून बसला होता. आई कुठे जायला निघाली होती कोण जाणे, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शैलजा परत आली आणि कामाला लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी महानंदा तिच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. मग आली, जमिनीवर बसली आणि पदराचं टोक पिळत राहिली. नवरा दारू पितो, मारतो, असलं काहीतरी ऐकावं लागणार म्हणून शैलजानं मनाची तयारी केली. तसं काही नव्हतं. ईश्वरीच्या हातावर उकळतं दूध सांडलं होतं. व्यंकट जेवत होता. तो उठला, पोरीचा हात नळाखाली धरला, मलम लावलं, फडकं बांधलं आणि परत येऊन उरलेली भाकरी खाल्ली.

"त्यांचं काहीच चुकलं नाही बगा, ताई," महानंदा म्हणाली. "समदं बरोबर केलं. पर लेकरू रडूलालतं, आन ते बगूलालते जसं टीव्ही बगावं. माझं माणूस असं नव्हतं."

ती पुढे हळूहळू बरंच बोलली. घरात आवाज चढत नाही. पैसे वेळेवर हातात येतात. सासू वारली तेव्हा गावाला जाऊन सगळे विधी नीट केले. पण रात्री ती रडली तर तो विचारतो, काय हवंय. काही नको म्हटलं की झोपतो. ईश्वरी आताशा बापाकडे काही मागत नाही.

शैलजानं व्यंकटला बोलावून टोपी घातली. सगळ्यात जुनी, सगळ्यात सोपी चित्रफीत लावली, खेळता खेळता पडून गुडघा फुटलेलं पोर. लय जराही हलली नाही. मग तिनं न विचारता ईश्वरीचा भाजलेल्या हाताचा फोटो पडद्यावर लावला. व्यंकट म्हणाला, ही आमची ईश्वरी. लय तशीच संथ चालू होती.

ती कितीतरी वेळ आलेख बघत बसली. जन्मतः कमी डगमगीचे गार्ड तिनं शेकडो पाहिले होते, ती काही दुष्ट माणसं नव्हती. त्यांनी लहानपणापासून आपली उणीव शिस्तीनं भरून काढलेली असते. म्हातारं माणूस दिसलं की खुर्ची द्यायची, लहान मूल रडलं की उचलायचं, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ असतं. व्यंकटला असं काही पाठ करायची गरजच पडली नव्हती. त्याचं सगळं चांगुलपण त्या एका लयीच्या मोडण्यावर उभं होतं, आणि तिनं नेमकी तीच काढून घेतली होती. भलं करायला गेली आणि माणूस निम्मा करून ठेवला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणतात, पण मारुतीला निदान काळीज असतं.

उलटं शिकवता येईल, हे तिला कळत होतं. स्पीकर उलटा जोडायचा, लय मोडली की गोड आवाज. पण घाट उतरताना जेवढा सोपा तेवढा चढताना नाही. शिवाय व्यंकटची तयारी हवी. तिनं त्याला सगळं सांगितलं. डगमग परत आली की पुढच्या तपासणीत नोकरी जाईल, हेही सांगितलं. तो रागावला नाही. रागावायला हवा होता, असं तिला वाटलं. महानंदा म्हणते आहे तर करू, एवढंच तो म्हणाला.

पुन्हा रविवार सुरू झाले. पहिल्यांदा आवाज येईचना. मग कधीतरी एखादा तुकडा, लगेच बंद. शैलजा त्याला जुन्या गोष्टी आठवायला सांगायची, म्हणजे लय हलायला मदत होईल. गावची म्हैस, आईचा खोकला, टायफॉइड. टायफॉइडवरून आक्का निघाल्या, आणि तो साध्या सुरात म्हणाला की आक्का आल्या होत्या की फाटकावर.

शैलजाला आधी नीट कळलंच नाही. कधी, असं तिनं विचारलं.

त्या दिवशीच. दुपारी बसनं आल्या होत्या. तळमजल्यावरचं माझं घर उघडून दे म्हणाल्या. यादीत नाव नव्हतं, म्हणून त्यानं नम्रपणे परत जायला सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा आल्या. पाणी मागितलं. पाण्याचा कूलर फाटकाच्या आत आहे, आणि आत घ्यायचं नाही, म्हणून पाणी देता आलं नाही. मग त्या कालव्याच्या बाजूला गेल्या. त्यानं नोंद केली, अनधिकृत व्यक्ती, परत पाठवली.

"तू ओळखलं नाहीस त्यांना?" शैलजाचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"ओळखलं की. मला व्यंक्या म्हणाल्या. आक्का माझी कोण होती ते मला ठाऊक हाय, ताई. फक्त लागत न्हाई."

त्या गेल्यावर तरी कुणाला का सांगितलं नाहीस, असं तिनं विचारलं. कुणी विचारलं नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

शैलजानं त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवला. पुढचे दोन रविवार तिनं काही ना काही कारण काढून टाळले. तिच्या मनात जे चाललं होतं ते तिला स्वतःलाच शहाणपणाचं वाटू लागलं होतं. आता याला दया परत देणं म्हणजे आक्कांचं मरण याच्या छातीवर ठेवणं. आत्ता तो सुखी आहे. निदान दुःखी नाही. नोकरी आहे, पोरीची शाळा आहे. असाच राहू दिला तर काय बिघडलं? आणि या सगळ्या दयाळू विचारांच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. त्याला काही लागलं नाही, तर तो कुणाला काही सांगणार नाही. श्रीरंगला कळणार नाही. एजन्सीला कळणार नाही. हे तिला दिसलं तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली.

शेवटी तिनं त्यालाच विचारायचं ठरवलं. टॉवरच्या मागच्या बागेत, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. पुढे गेलो तर आक्कांचं सगळं तुला लागेल, आणि ते फार वाईट लागेल, असं तिनं सांगितलं. नको म्हणालास तर मी तुला दोष देणार नाही, महानंदालाही मीच समजावेन, हेही सांगितलं.

व्यंकटनं डबा बंद केला. एखाद्या पाहुण्याचा पास तपासावा तसा त्यानं प्रश्न नीट उलटून पालटून पाहिला.

"आक्कासाठी मी रडायला पायजे होतं," तो म्हणाला. "हिशेबानं बगितलं तरी पायजे. माझं जे हाय ते माझ्याकडं येऊ द्या."

पाऊस संपून थंडी पडू लागली, तोवर रविवार चालू राहिले. एका सकाळी पडद्यावर एक म्हातारा हात पसरून उभा होता, रोजचाच, ठरलेला नट. आणि आवाज आला. आला तो थांबेचना, सगळी खोली भरून गेला. शैलजाच्या तोंडावर क्षणभर हसू आलं. मग तिनं व्यंकटकडे पाहिलं. त्यानं दांडा सोडला होता. दोन्ही हातांनी टोपी ओढून काढत तो खुर्चीतून खाली बसला, आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, पाणी. मग तो रडला ते थांबवता येईना. शैलजा त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तीही रडू लागली. ती रडतेय हे लक्षात आल्यावर त्यानं, त्या स्थितीतही, तिच्या पाठीवर हात ठेवला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ताई, तुम्ही माझ्या भल्याचंच केलं, असं तो म्हणाला.

हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून ती किती दिवस झुरत होती. आता ते मिळालं, ते याच माणसाकडून, आणि तिला ते सहन होईना. तिच्यासाठी असं म्हणायला तो तरी होता. त्याच्यासाठी म्हणू शकली असती ती एकच बाई, आणि ती कालव्याच्या रस्त्यावर पडली ती उठलीच नाही.

नोकरी दुसऱ्याच दिवशी त्यानंच सोडली. पोंक्षेकाका हळहळले. हल्लीच्या पोरांना काही सोसत नाही म्हणाले, आणि नवा गार्ड बघायला लागले. व्यंकट, महानंदा आणि ईश्वरी वारज्याला एका खोलीत गेले. महानंदानं एकदा फोन केला. ईश्वरी आता बापाच्या गळ्यात पडून झोपते म्हणाली. पण ते जेवत नाहीत, म्हणाली. पाण्याचा पेला समोर ठेवला की बघत बसतात.

मग एक दिवस तो शैलजाच्या कचेरीत आला. बाहेर बाकावर उमेदवार बसले होते, त्यांच्या शेवटी तोही बसून राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा तिनं मान वर केली. गाल बसले होते. दाढी वाढली होती. वरची गुंडी उघडी होती.

"ताई, मला परत तसं करा," तो म्हणाला. "समदं नको. थोडं कमी करा. रातच्याला झोप लागंल एवढं. मी पाया पडतो तुमच्या."

तो खरंच वाकला. टोपी टेबलावरच होती. चार-सहा रविवार पुरले असते. लय थोडी सावरली असती, तो जेवला असता, महानंदाला बरं वाटलं असतं. शैलजाचा हात टोपीकडे गेलासुद्धा. मागच्या खेपेलाही असाच गेला होता. याच दयेनं, याच माणसासाठी.

तिनं हात मागे घेतला. ती इतकी वर्षं दुसऱ्यांना तोलत आली होती, की हात जोडणाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायला त्यांना किती वेळ लागतो. तिला फार वेळ लागला. बाहेरच्या उमेदवारांची चुळबुळ सुरू झाली.

"नाही, व्यंकट," ती म्हणाली. "ते मी पुन्हा करणार नाही."

तो टेबलाला धरून उभा राहिला. तिला वाटलं तो आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. श्रीरंगदादाला सांगायला दोनदा धायरीला जाऊन आलो, म्हणाला, पण जिन्यावरनंच परत फिरलो. तुम्ही संगं येता का?

शैलजानं बाहेरच्या लोकांना आज चाचणी होणार नाही म्हणून सांगितलं. एजन्सीच्या मालकांना काय सांगायचं ते उद्या बघू, असं तिनं ठरवलं. उद्या ही खुर्ची राहणार नाही हे तिला त्याच वेळी कळलं होतं.

धायरीची ती जुनी चार मजली इमारत होती. फाटक नव्हतं, गार्ड नव्हता, जिन्यावर कुणाच्या तरी सायकली उभ्या होत्या. व्यंकट प्रत्येक मजल्यावर थांबत होता, ती त्याच्यासाठी थांबत होती. दार श्रीरंगनंच उघडलं. मागे भिंतीवर कमलताईंचा फोटो होता, त्याचा हार सुकला होता. व्यंकटला बघून श्रीरंगच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. आई तुझं नाव फार काढायची रे शेवटी शेवटी, असं तो म्हणाला. व्यंकटनं शैलजाकडे पाहिलं.

"आई त्या दिवशी सुखनिवासला आल्या होत्या," शैलजा म्हणाली. "यानं त्यांना फाटकावरून परत पाठवलं. पाणीही दिलं नाही. आणि तसं वागायला याला मी शिकवलं होतं."

श्रीरंगचं हसू गेलं. त्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तो आत या म्हणाला नाही, आणि त्यानं दारही लावलं नाही. तिघं उंबऱ्याशी तशीच उभी राहिली.